फिजीच्या रग्बीपटूची कारकीर्द कशी वाचावी

फिजीसाठी सर्वांत जास्त कसोट्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने, खेळलेला निकी लिटल ७१ सामन्यांवर थांबला. अॅलन विन जोन्स एकट्या वेल्ससाठी १५८ सामने खेळला. हे दोन आकडे शेजारी ठेवून फिजीचा खेळाडू कमी पडला असं म्हणणारा वाचक पहिल्याच पायरीवर घसरतो. फिजीच्या खेळाडूच्या तक्त्यात भरलेल्या रकान्यांपेक्षा रिकामे रकाने जास्त बोलतात. एखाद्या नोव्हेंबरमध्ये तो देशासाठी उतरलेलाच नसतो, एखादं अख्खं वर्ष सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीत, गेलेलं असतं, तर कधी तीनच महिने भलत्याच क्लबच्या नावावर लागलेले असतात. त्या जागांचा अर्थ कसा लावायचा, त्याची ही पद्धत. जून २०२५मध्ये अंधेरीत झालेली रग्बी प्रीमियर लीग किंवा ऑलिंपिकमधलं सेव्हन्स पाहून ज्यांना फिजीच्या खेळाडूंची गोडी लागली, आणि ज्यांना त्यांच्यावर मराठीत लिहायचं आहे, त्यांच्यासाठी ती आहे.

आधी तक्ता आखा

वही घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा आणि सहा रकाने करा: हंगाम, क्लब, स्पर्धा, कराराचा प्रकार, फिजीसाठी पंधराच्या खेळातले सामने, सेव्हन्स. प्रत्येक वर्षाच्या दोन ओळी ठेवा, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. वर्षाला एकच ओळ ठेवली की घोळ होतो. फ्रान्सची वरिष्ठ क्लब लीग टॉप १४ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होऊन पुढच्या जूनमध्ये संपते, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडची सुपर रग्बी फेब्रुवारी ते जून चालते आणि जपानची लीग डिसेंबर ते मे. म्हणून फ्रान्समधला ‘२०२२-२३’ आणि सुपर रग्बीतला ‘२०२३’ एकमेकांवर चढतात. एखादा खेळाडू जूनमध्ये सुपर रग्बी संपवतो, जुलैत देशासाठी कसोट्या खेळतो आणि ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या नव्या क्लबच्या सरावाला हजर होतो. दोन ओळी असल्या तर विश्रांतीचा एकही महिना नाही हे लगेच दिसतं. पुढच्या हंगामातली मांडीची किंवा गुडघ्याची दुखापत मग आकाशातून पडल्यासारखी वाटत नाही.

पंधराचे आणि सेव्हन्सचे सामने कधीही एका बेरजेत घेऊ नका. सेव्हन्सचा सामना सात मिनिटांच्या दोन डावांचा असतो. एका स्पर्धेत दोन-तीन दिवसांत पाच-सहा सामने होतात, त्यामुळे तिथले ट्राय, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं, भराभर वाढतात. दोन्ही एकत्र केले की विंगवरचा, म्हणजे कडेने धावणारा, सेव्हन्सपटू देव वाटू लागतो आणि पंधरातला पुढच्या रांगेतला प्रॉप निरुपयोगी.

नाव नीट शोधा

रोमन लिपीतल्या फिजीयन नावांचा उच्चार इंग्रजी सवयीने केला तर चुकतो. ‘सी’ या अक्षराचा उच्चार द-सारखा होतो, ‘बी’चा म्ब, ‘डी’चा न्द, ‘जी’चा अनुनासिक ङ आणि ‘क्यू’चा ‘अंगण’मधल्यासारखा ंग. त्यामुळे फ्रान्समध्ये गाजलेला सेमी रान्द्रान्द्रा, ला रोशेलचा लेवानी म्बोतिया, न्यूझीलंडच्या क्रुसेडर्स क्लबकडून खेळलेला विंग नेमानी नान्दोलो. शोध घेताना मात्र रोमन स्पेलिंगच वापरा. मराठीत लिहिताना पहिल्यांदा उच्चाराप्रमाणे लिहा आणि शेवटपर्यंत तेच रूप ठेवा.

नावाआधीचं ‘रातू’ ही सरदार घराण्याची पदवी आहे, नावाचा भाग नाही. काही नोंदींत ती असते, काहींत नसते, आणि एकाच माणसाची दोन पानं तयार होतात. आडनावावर विसंबून नातं जोडणंही धोक्याचं, कारण सख्ख्या भावांची शेवटची नावं वेगळी असणं फिजीत नवलाचं नाही. जन्मतारीख आणि प्रांत जुळला तरच तो एकच खेळाडू धरा.

पहिल्या ओळी शाळेपासून

तक्त्याची सुरुवात पहिल्या व्यावसायिक करारापासून करू नका. फिजीत १८ वर्षांखालच्या मुलांची डीन्स ट्रॉफी ही शालेय रग्बीतली सगळ्यांत मानाची स्पर्धा. क्वीन व्हिक्टोरिया स्कूल, रातू कान्दावुलेवू स्कूल, सुव्यातलं मॅरिस्ट ब्रदर्स या शाळांची नावं खेळाडूंच्या चरित्रांत पुन्हा पुन्हा येतात. शाळेनंतर प्रांत: नान्द्रोंगा, नांदी, सुवा, नाइतासिरी, नामोसी. प्रांतांची देशांतर्गत मोठी स्पर्धा म्हणजे स्किपर कप. तिथे खेळणारे बरेचजण त्याच वेळी नोकरी करत असतात. म्बोतिया तुरुंगात रखवालदार होता, आणि ज्याचा तक्ता पुढे येतो तो लेओने नाकारावा सैन्यात. म्हणून २१ ते २४ या वयात तक्ता ओकाबोका दिसला तर खेळाडू उशिरा उमलला असा निष्कर्ष काढू नका. त्या वयात तो खेळतच होता, पण त्या सामन्यांचे आकडे युरोपच्या संकेतस्थळांवर चढत नाहीत.

इथे एक तारीख लक्षात ठेवा: २०२२. त्या वर्षी फिजीयन द्रुआ हा संघ सुपर रग्बी पॅसिफिकमध्ये दाखल झाला. त्याआधी २०१७पासून द्रुआ ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता आणि २०१८ला त्याने ती जिंकलीही, पण ती काही महिन्यांची स्पर्धा होती. पूर्ण वर्षभर पगार देणारा मोठा संघ देशात नव्हता. म्हणून २०२२पूर्वीच्या खेळाडूला घर सोडल्याशिवाय व्यावसायिक होणं फार अवघड होतं. त्यानंतरच्या खेळाडूला लौतोका आणि सुव्यात स्वतःच्या लोकांसमोर खेळून मग बाहेर जाण्याचा रस्ता मिळाला. विनाया हाम्बोसी द्रुआतून फ्रान्सच्या रासिंग ९२ला गेला, एरोनी मावी इंग्लंडच्या सॅरसन्सला. या दोन काळांतल्या खेळाडूंची तुलना करताना पदार्पणाचं वय जुळवू नका. वेगळ्या वाटांवरचे दोन प्रवासी एकाच घड्याळाने मोजल्यासारखं होतं ते. मार्च २०२३मध्ये लौतोकात द्रुआने क्रुसेडर्सला २५-२४ असं हरवलं, आणि त्याच वर्षी विश्वचषकात फिजीने ऑस्ट्रेलियाला २२-१५ असं पाडलं. या दोन निकालांमधला धागा तक्त्यात सहज दिसतो, कारण दोन्हीकडे बरीचशी नावं तीच आहेत.

करार कोणत्या जातीचा

बाहेरचे वाचक सगळ्यांत जास्त इथेच फसतात. फ्रान्सच्या क्लबच्या नावापुढे तीन-चार महिने दिसले की ‘काढून टाकला’ असा तर्क होतो. बहुतेकदा तो ‘मेडिकल जोकर’ असतो, म्हणजे क्लबचा खेळाडू जायबंदी झाल्यावर त्याच्या जागी ठरावीक मुदतीसाठी घेतलेला बदली. विश्वचषकाला गेलेल्यांच्या जागीही असेच तात्पुरते करार होतात, त्यांना ‘विश्वचषक जोकर’ म्हणतात. मुदत संपली की खेळाडू मोकळा होतो. त्यात त्याच्या खेळाबद्दल काहीच निकाल नसतो. ओळखायचं कसं? क्लबच्या निवेदनात कोणाच्या दुखापतीचा उल्लेख आहे ते पाहा आणि तो जायबंदी खेळाडू परतला त्या आठवड्याशी ताडून पाहा.

दुसरी जात अकादमीची. फ्रेंच लीगमध्ये क्लबला फ्रान्समध्ये घडलेल्या खेळाडूंचं ठरावीक प्रमाण राखावं लागतं. या दर्जाला ‘जिफ’ म्हणतात. त्याचा नागरिकत्वाशी संबंध नाही. कोवळ्या वयात ठरलेले हंगाम फ्रेंच अकादमीत काढलेला फिजीयन मुलगाही त्यात बसतो. म्हणून क्लब १८-१९ वर्षांच्या मुलांनाच उचलतात. क्लेरमाँने तर थेट नान्द्रोंगात अकादमी चालवली. अलिवेरेती राका फिजीतून क्लेरमाँला गेला आणि २०१९मध्ये फ्रान्सच्या जर्सीत उतरला. अशा मुलाच्या तक्त्यात दोन वर्षं काहीच दिसत नाही, कारण अकादमीच्या ‘एस्प्वार’ म्हणजे युवा संघाचे सामने वरिष्ठ आकडेवारीत धरत नाहीत. उलट २६ वर्षांचा, उत्तम खेळणारा पण ‘जिफ’ नसलेला फिजीयन बाकावर बसतो किंवा दुसऱ्या श्रेणीच्या प्रो डी२ लीगमध्ये जातो. खेळ तोच असतो, संघयादीचं गणित वेगळं असतं.

आणि करार झाला म्हणजे खेळाडू खेळला असं नाही. सह्या, वैद्यकीय तपासणी, व्हिसा, पहिला सामना, या चारही गोष्टींच्या तारखा वेगळ्या असतात. तक्त्यात पहिल्या सामन्याचीच तारीख लिहा.

रिकामे नोव्हेंबर

आता मुख्य काम. फिजीच्या रकान्यातल्या प्रत्येक रिकाम्या जुलै आणि नोव्हेंबरभोवती पेन्सिलीने गोल करा. कसोट्यांचे हे दोन ठरलेले काळ. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नवव्या नियमाप्रमाणे या काळात क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. कागदावर हे अगदी स्पष्ट आहे. पण टॉप १४ नोव्हेंबरमध्येही पूर्ण थांबत नाही. खेळाडू गेला की क्लब महत्त्वाच्या सामन्यांत त्याच्याविना उतरतो, आणि पुढचा करार करताना ते लक्षात ठेवतो. पॅसिफिक बेटांच्या खेळाडूंवर राष्ट्रीय संघापासून लांब राहण्यासाठी दबाव येतो, कधी निवृत्ती जाहीर करायला लावली जाते, हे अनेक खेळाडूंनी उघडपणे सांगितलं आहे. दुसऱ्या पारड्यात पैसा. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये ट्विकनहॅमला इंग्लंड-सामोआ सामना झाला तेव्हा इंग्लंडच्या खेळाडूला त्या एका सामन्याचे सुमारे २२,००० पौंड मिळत होते आणि शेजारच्या रांगेत उभ्या सामोअन खेळाडूला अख्ख्या आठवड्याचे सुमारे ६५०. फिजीची तिजोरी सामोआपेक्षा फार वेगळी नव्हती. ज्याच्या एका पगारावर गावातली तीन-चार घरं, चर्चची वर्गणी आणि भाच्या-पुतण्यांची शाळेची फी चालते, त्याने नोव्हेंबरमध्ये क्लब निवडला तर त्याला देशप्रेमाच्या तराजूत घालणं अन्याय आहे.

गोल केलेली प्रत्येक जागा या क्रमाने तपासा. त्या महिन्यात क्लबच्या संघयादीत त्याचं नाव आहे का? असेल तर तो तंदुरुस्त होता, म्हणजे कारण सुटकेचं किंवा निवडीचं. दोन्हीकडे नसेल तर दुखापत किंवा बंदी, आणि मग क्लबचं निवेदन किंवा शिस्तपालन समितीचा निकाल शोधा. त्याच काळात सेव्हन्सच्या यादीत असेल तर प्रश्नच मिटला. चार वर्षांत फक्त विश्वचषकाच्या वर्षी दिसत असेल, तर तो नमुना स्वतंत्रपणे लिहून ठेवा. क्लब-दबावाची ती सगळ्यांत ठळक खूण आहे, पण एकट्या त्या खुणेवरून कोणत्याही क्लबवर आरोप करू नका. खेळाडूचं स्वतःचं म्हणणं सापडलं तरच लिहा.

२०२० हे वर्ष या तपासणीतून बाहेर ठेवा. त्या शरद ऋतूतल्या स्पर्धेत कोरोनामुळे फिजीचे तीन सामने रद्द झाले आणि डिसेंबरमध्ये जॉर्जियाविरुद्धचा एकच झाला, तो फिजीने ३८-२४ असा जिंकला. त्याआधी टॉप १४चा २०१९-२०चा हंगामही अर्ध्यावर सोडून देण्यात आला होता. त्या वर्षीच्या कमी आकड्यांचा खेळाडूशी काही संबंध नाही.

देश बदलला असेल तर

ज्यो रोकोकोको आणि सितिवेनी सिविवातू न्यूझीलंडसाठी खेळले, मारिका कोरोइम्बेते ऑस्ट्रेलियासाठी, विरिमी वाकातावा फ्रान्ससाठी. हे कसं होतं? वर्ल्ड रग्बीच्या आठव्या नियमानुसार जन्म, आई-वडील किंवा आजी-आजोबांचा जन्म, नाहीतर सलग वास्तव्य, यांपैकी एक पुरतं. वास्तव्याची अट पूर्वी ३६ महिन्यांची होती, २०२२च्या सुरुवातीपासून ती ६० महिने झाली. त्यामुळे खेळाडू त्या देशात कधी पोचला ती तारीख तक्त्यात हवीच. २०१५ला पोचलेला आणि २०२०ला पोचलेला यांना एकच मोजपट्टी लागत नाही. २०२२पासून आणखी एक दार उघडलं. एका देशासाठी खेळलेला खेळाडू तीन वर्षं कोणत्याही देशासाठी न खेळता राहिला आणि जन्माने किंवा आई-वडील, आजी-आजोबांच्या नात्याने दुसऱ्या देशाचा असला, तर आयुष्यात एकदा देश बदलू शकतो. म्हणजे तीन वर्षांची पोकळी दिसली की ही शक्यताही तपासा.

वयोगटातल्या संघांना घाबरू नका. नान्दोलोचा जन्म सिंगातोकाचा, तो वाढला ऑस्ट्रेलियात, त्यांच्या २० वर्षांखालच्या संघातून खेळला आणि पुढे फिजीचा झाला. यात नियमभंग नव्हता.

दोन तक्ते करून पाहा

लेओने नाकारावा घ्या. तो लॉक, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला उंच खेळाडू, पण हात असे की टॅकल होऊन पडता पडता चेंडू मागच्याला देणार. या देण्याला ऑफलोड म्हणतात. २०१३ला स्कॉटलंडचा ग्लासगो वॉरियर्स क्लब. मे २०१५ला त्या क्लबने आयर्लंडच्या म्युन्स्टरला ३१-१३ असं हरवून प्रो १२ लीग जिंकली, आणि अंतिम सामन्याचा मानकरी तोच. तिथून तीन ओळी पुढे पाहा: ऑगस्ट २०१६, रिओ, सेव्हन्स. फिजीने ग्रेट ब्रिटनला ४३-७ असं चिरडून देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवलं, तेही सुवर्ण. म्हणजे दोन मीटरच्या आसपास उंचीचा लॉक त्या वर्षी सेव्हन्सच्या रकान्यात आहे. तिथून रासिंग ९२, आणि २०१८ला युरोपचा सर्वोत्तम खेळाडू. डिसेंबर २०१९ला ओळ तुटते. विश्वचषकानंतर उशिरा परतल्याच्या कारणावरून क्लबने करार संपवला. लगेच २०२०च्या सुरुवातीला पुन्हा ग्लासगो. पुढे अल्स्टरशी करार जाहीर झाला, पण वैद्यकीय तपासणीनंतर रद्द झाला, आणि त्याच हंगामात तुलाँ. निवेदनांवरून तक्ता भरणाऱ्याच्या यादीत अल्स्टर चुकून बसतो. पहिल्या सामन्याच्या तारखेचा नियम पाळला तर बसत नाही.

दुसरा रान्द्रान्द्रा. त्याच्या तक्त्याला सातवा रकाना जोडावा लागतो, रग्बी लीगचा. २०१३ ते २०१७ तो सिडनीच्या पॅरामॅटा ईल्समध्ये तेरा जणांची रग्बी लीग खेळला. २०१६ला त्या खेळात ऑस्ट्रेलियाकडूनही एक कसोटी खेळला. मग तो फिजीसाठी कसा? आठवा नियम रग्बी युनियनपुरता आहे, लीगमधली कसोटी त्यात मोजत नाहीत. २०१७ला तुलाँ, मग बोर्दो, २०२०ला ब्रिस्टल, २०२३ला ल्यों. मधे २०२१ला टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण. लीगचे ट्राय युनियनच्या बेरजेत घालू नका. लीगमध्ये ट्रायला चार गुण असतात, युनियनमध्ये पाच, त्यामुळे गुणांवरून ट्राय काढायला गेलात तर उत्तर चुकतं.

आकडे कुठे लंगडे पडतात

गुणांचा रकाना विंग आणि किक मारणारा फ्लायहाफ यांनाच न्याय देतो. नाकारावासारख्यांचे ऑफलोड, जमिनीवरच्या झटापटीत हिसकावलेले चेंडू, लाइनआउटमधल्या (कडेबाहेरून फेकलेल्या चेंडूसाठीच्या) झेपा वेगळ्या शोधाव्या लागतात. जर्सीचा क्रमांकही नोंदवा. म्बोतिया कधी १२ क्रमांकाचा सेंटर, कधी ७ क्रमांकाचा फ्लँकर. दोन्ही एकत्र केले तर सेंटर म्हणून ट्राय कमी आणि फ्लँकर म्हणून चेंडू घेऊन धावणं जास्त असा विचित्र खेळाडू तयार होतो. १६ ते २३ क्रमांक म्हणजे बदली, त्यामुळे सामन्यांऐवजी मिनिटं मिळाली तर ती घ्या.

कसोटी कोणती धरायची यातही सापळे आहेत. १९७७ला सुव्यात फिजीने ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त संघाला, ब्रिटिश लायन्सना, २५-२१ हरवलं, पण लायन्सच्या हिशेबात तो सामना कसोटी नाही. फिजी वॉरियर्स हा दुय्यम संघ आहे, त्याचे सामने मुख्य संघाच्या रकान्यात टाकू नका.

लिहायला बसताना

‘नैसर्गिक देणगी’, ‘जन्मजात रग्बीपटू’ हे शब्द फिजीच्या खेळाडूंबद्दल फार सहज येतात. ते टाळा, कारण ते मेहनत पुसून टाकतात. सिंगातोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर सेव्हन्सचा संघ धावून धावून अक्षरशः ओकेपर्यंत सराव करतो. त्या टेकडीवरची एक चढण वाचकाला दाखवलीत तर विशेषणांची गरज उरत नाही.

क्रम असा ठेवा: गाव आणि प्रांत, शाळा, पहिली नोकरी, घर सोडल्याचं वर्ष, मग क्लब. ट्रायची संख्या त्यानंतर. निवृत्तीवर थांबू नका. रिओचा कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ २०२४ला फिजीच्या सेव्हन्स संघाचा प्रशिक्षक झाला आणि पॅरिसमध्ये संघाने रौप्य मिळवलं. ही नोंद त्याच्या खेळाडू म्हणून असलेल्या तक्त्याखालीच यायला हवी.

२०२६पासून बारा देशांच्या नेशन्स चॅम्पियनशिपमध्ये फिजी आहे. त्या वर्षापासून जुलै आणि नोव्हेंबरच्या नोंदींना वेगळा रंग द्या. ठरलेल्या स्पर्धेतले बलाढ्य संघांविरुद्धचे सामने दर दोन वर्षांनी असताना नोव्हेंबरचे रकाने भरतात की रिकामेच राहतात, ते प्रत्येक खेळाडूच्या तक्त्यात वर्षअखेर तपासा, आणि फ्रान्समध्ये खेळणाऱ्यांची व द्रुआमध्ये खेळणाऱ्यांची बेरीज वेगवेगळी मांडा.